मूल गप्प असते तेव्हा : आईवडिलांच्या वागण्यातील धोक्याच्या खुणा
(वर्षावास अभ्यासपाठ)

वर्षावासाचे तीन महिने आपल्या गावाकडे पावसाचे असतात. इथे हमद टाउनमध्ये ते उन्हाचे असतात. जुलै-ऑगस्टमध्ये मुलांच्या शाळेला सुट्टी असते, पारा चाळिशीच्या वर जातो आणि प्रत्येक घराची दारे-खिडक्या बंद करून एसी चालू असतो. शेजारच्या फ्लॅटमध्ये कोणी रडले तरी भिंतीपलीकडे ऐकू येत नाही. गावात किंवा मुंबईच्या चाळीत एखाद्या मुलाला जास्त मार बसला, तर समोरची काकू दारात येऊन "पुरे करा आता, लेकरू आहे ते" असे म्हणायची. बाप चिडायचा, पण हात थांबायचा. इथे ती काकू नाही, आजी नाही, आत्या नाही. म्हणून हा पाठ याच दिवसांत घ्यायचे ठरवले.

सुरुवात माझ्याच एका चुकीने करतो. बऱ्याच वर्षांपूर्वी, दुसऱ्या एका शहरात, मी सुट्टीच्या दिवशी मुलांचा धम्मवर्ग घ्यायचो. वर्गात सात-आठ वर्षांचा एक मुलगा होता. एकदा त्याच्या डोक्यावरच्या फळीवरून पुस्तक काढायला मी हात वर केला आणि त्याने झटकन दोन्ही हातांनी डोके झाकून घेतले. बाकीची मुले हसली. वर्ग संपल्यावर वडील न्यायला आले. मी म्हटले, "मुलगा फार शांत असतो." ते म्हणाले, "शांत कसला, नालायक आहे. ऐकलं नाही तर तुम्हीही दोन ठेवून द्या, माझी परवानगी आहे." मी हसून मान डोलावली. दोन-तीन महिन्यांनी ते कुटुंब ते शहर सोडून गेले.

मुलाने डोके झाकले, ती खूण निदान माझ्या लक्षात तरी राहिली होती. वडिलांचे वाक्य मात्र मी विनोद समजून सोडून दिले. पुढे अभ्यास केला तेव्हा कळले, की ते वाक्यसुद्धा एक खूण होती, आणि मुलाच्या खुणेइतकीच ठळक. आपण मुलाच्या अंगावरचे वळ शोधतो. पण मूल बहुधा बोलत नाही, वळ कपड्याखाली असतात, आणि काही छळ अंगावर दिसतच नाही. आईवडील मात्र आपल्यासमोर बोलत असतात, वागत असतात. तिथे काय पाहायचे, हाच आजच्या पाठाचा विषय आहे.

सोपाकाची गोष्ट

थेरगाथेच्या अट्ठकथेत सोपाक नावाच्या एका मुलाची कथा आहे. वडील गेल्यावर चुलत्याने त्याला वाढवले. सोपाक सात वर्षांचा असताना त्याचे चुलत्याच्या मुलाशी भांडण झाले. चुलत्याला राग आला. त्याने पोराला स्मशानात नेले, एका प्रेताला घट्ट बांधले आणि कोल्ह्यांच्या भरवशावर सोडून तो घरी परतला. मध्यरात्री मूल रडू लागले. आईने दिराला विचारले, "माझा मुलगा कुठे आहे?" तो म्हणाला, "मला माहीत नाही." भगवान बुद्धांनी त्या मुलाची सुटका केली, आणि आई शोधत शोधत बुद्धांपर्यंत पोहोचली तेव्हा तिला तिचा मुलगा भेटला.

ही कथा आपण चमत्कार म्हणून ऐकली तर तिचा उपयोग नाही. तिच्यातला माणूस पाहा. छळ करणारा परका नव्हता, सांभाळ करणारा होता. कारण मुलांच्या भांडणाइतके क्षुल्लक होते आणि शिक्षा त्या कारणाच्या हजारपट होती. आणि विचारल्यावर उत्तर आले, "मला माहीत नाही." क्षुल्लक कारण, बेसुमार शिक्षा आणि न पटणारे उत्तर या तीन गोष्टी आजही तशाच दिसतात.

हे फक्त वाईट लोकांच्या घरात होते का?

नाही. भारत सरकारच्या महिला व बालविकास मंत्रालयाने २००७ साली बालकांच्या छळाविषयी एक मोठा अभ्यास प्रसिद्ध केला. महाराष्ट्र आणि गोवा धरून १३ राज्यांतील १२,४४७ मुलांशी त्यात बोलले गेले होते. तीनपैकी दोन मुलांनी शारीरिक छळ झाल्याचे सांगितले. कुटुंबात ज्यांचा शारीरिक छळ झाला, त्यांपैकी ८८.६ टक्के मुलांच्या बाबतीत मारणारे आईवडीलच होते. हे आकडे परदेशातले नाहीत, आपल्या घरांतले आहेत. "आम्हीही मार खाऊनच मोठे झालो" हे आपले नेहमीचे वाक्य या आकड्यांशेजारी ठेवून वाचा.

डॉक्टरांनाही ही गोष्ट मान्य करायला वेळ लागला. १९६२ साली अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञ सी. हेन्री केम्प आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लहान मुलांच्या दुखापतींवर एक लेख लिहिला. मोडलेली हाडे, डोक्याला झालेल्या इजा यांचे कारण पालक "पडला", "आपटला" असे सांगत आणि डॉक्टर ते मान्य करत. केम्प यांनी दाखवले, की दुखापत एक सांगते आणि पालक दुसरेच सांगतात, तेव्हा त्या तफावतीकडे पाहिले पाहिजे. सुशिक्षित डॉक्टरांना आईबापांवर संशय घेणे जड जात होते. आपल्यालाही जाते. त्यात वाईट वाटून घेण्यासारखे काही नाही, पण तिथे थांबूनही चालणार नाही.

छळ आणि दुर्लक्ष : चार प्रकार

पहिला, शारीरिक : मारणे, चटके देणे, बांधून ठेवणे, तान्ह्या बाळाला जोराने हलवणे. दुसरा, मानसिक : सतत अपमान, धमक्या, "तू जन्मलाच नसतास तर बरे झाले असते" असे बोलणे, दिवसेंदिवस अबोला धरणे. तिसरा, लैंगिक : मुलाला लैंगिक हेतूने हात लावणे, लावायला सांगणे, तसे काही दाखवणे किंवा त्याची तशी छायाचित्रे काढणे. चौथा, दुर्लक्ष : अन्न, औषध, स्वच्छता, शाळा आणि देखरेख यांपैकी गरजेचे ते न देणे. दुर्लक्षात हात उचलला जात नाही, म्हणून ते आपल्याला छळ वाटत नाही. पण बहरीनच्या उन्हात "पाच मिनिटांत येतो" म्हणून बंद गाडीत ठेवलेल्या मुलाचा जीव जाऊ शकतो. त्याला कोणी मारलेले नसते.

आईवडिलांत काय पाहावे?

*१. दुखापतीची हकीकत जुळत नाही.* आई सांगते जिन्यावरून पडला, वडील सांगतात सायकलवरून पडला. किंवा चार महिन्यांचे बाळ "स्वतःच पलटून पडले आणि पाय मोडला" असे सांगितले जाते. बाळाचे वय आणि त्याची हालचाल यांच्याशी ती हकीकत बसते का, एवढे मनात विचारा. काही पालक हकीकतच सांगत नाहीत आणि विचारले की चिडतात.

*२. उपचाराला उशीर किंवा दर वेळी नवा दवाखाना.* मूल दोन दिवस हात धरून बसले आहे आणि तरी डॉक्टरकडे नेलेले नाही. किंवा प्रत्येक वेळी वेगळ्या क्लिनिकमध्ये नेले जाते, म्हणजे जुनी नोंद कोणाला दिसू नये. इथे पैशांची अडचण हेही खरे कारण असू शकते. म्हणून आधी मदतीचा हात पुढे करा. मदत देऊनही डॉक्टरकडे जाणे टाळले, तर ती खूण अधिक गंभीर समजा.

*३. मुलाविषयी एकही चांगला शब्द नाही.* "नालायक", "मुळातच वाईट", "बापावर गेलाय", "ही पोरगी म्हणजे डोक्याला ताप". रागाच्या भरात एकदा बोलणे वेगळे आणि मूल समोर उभे असताना शांतपणे, रोज, चारचौघांत बोलणे वेगळे. काही घरांत सगळ्या भावंडांत एकाच मुलाला असे वेगळे काढलेले असते. कपडे, जेवण, शिक्षा सगळ्यांत त्याला दुजाभाव असतो.

*४. दुसऱ्यांना मारण्याची मुभा देणे.* शिक्षकाला, धम्मवर्गाच्या ताईला, भावाला "ऐकलं नाही तर हाणा" असे सांगणारा पालक घरी काय करत असेल, हा प्रश्न तेव्हा मला पडायला हवा होता. भारतात २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ ने शाळेतील शारीरिक शिक्षा आणि मानसिक त्रास यांवर बंदी घातली आहे. शिक्षकाला जे करता येत नाही, ते पालकाच्या परवानगीने योग्य ठरत नाही.

*५. वयाला न झेपणाऱ्या अपेक्षा.* दोन वर्षांच्या मुलाने अंथरूण ओले केले म्हणून शिक्षा. नव्वद टक्क्यांऐवजी ब्याऐंशी पडले म्हणून जेवण बंद. आपल्या समाजात शिक्षणाची ओढ बाबासाहेबांच्या शिकवणीतून आली आहे आणि ती मोलाची आहे. पण त्यांचे नाव घेऊन मुलाला पट्ट्याने मारणे हा त्या शिकवणीचा अपमान आहे.

*६. मुलालाच आईबाप बनवणे.* नऊ वर्षांची मुलगी धाकट्या भावाला दिवसभर एकटी सांभाळते, स्वयंपाक करते आणि रात्री दारू प्यायलेल्या बापाची समजूतही काढते. लोक म्हणतात, "किती गुणी पोर आहे." तिचे कौतुक करताना तिचे बालपण कोण खात आहे तेही पाहा.

*७. कुटुंबाला सर्वांपासून तोडणे.* कोणाला घरी येऊ न देणे, मुलाला शाळेतून किंवा वर्गातून अचानक काढणे, मूल कोणा मोठ्या माणसाशी बोलू लागले की लगेच मध्ये येऊन त्याच्या वतीने उत्तर देणे. मुलीवर किंवा मुलावर अवाजवी पहारा ठेवणे, मित्र जोडू न देणे, बंद खोलीत एकांताचा आग्रह धरणे या गोष्टी लैंगिक छळातही दिसतात. असा माणूस बाहेर फार सभ्य, मुलांचा लाडका असू शकतो, हे विसरू नका.

*८. बेफिकिरी.* शाळेने चार वेळा बोलावले तरी गेले नाहीत. मूल तापाने फणफणले आहे आणि पालक मोबाइलमधून मान वर करत नाहीत. मूल रात्री दहापर्यंत कोणाच्याही घरी असते आणि कोणी शोधत येत नाही. काही वेळा यामागे आईचे नैराश्य असते, विशेषतः बाळंतपणानंतर. तेव्हा तिलाही उपचाराची गरज असते, पण बाळाचा धोका त्यामुळे कमी होत नाही.

*९. आईलाही मार बसतो.* ज्या घरात नवरा बायकोला मारतो, त्या घरात मुलांनाही मार बसण्याची शक्यता मोठी असते. मुलांना हात लागला नाही, तरी ते पाहत जगणे हाच मुलांचा छळ आहे.

*१०. दोघे एकमेकांकडे पाहत नाहीत.* पालक आत आले की मूल खेळता खेळता थिजते, त्यांच्या चेहऱ्याचा अंदाज घेत राहते, घरी जायची वेळ झाली की रेंगाळते. पालक मुलाला जवळ घेत नाहीत, नावानेही हाक मारत नाहीत. बाकी सर्व खुणांपेक्षा ही खूण लवकर दिसते, कारण ती कार्यक्रमाच्या गर्दीतही दिसते.

खूण म्हणजे निकाल नव्हे

वरच्या यादीतली एक गोष्ट दिसली म्हणून कोणाला गुन्हेगार ठरवू नका. एखादी खूण प्रत्येक घरात कधी ना कधी सापडेल. पाहायचे असते ते हे : खुणा अनेक आहेत का, पुन्हा पुन्हा दिसतात का, मुलाच्या वागण्यातही बदल दिसतो का, आणि पालकांचे स्पष्टीकरण त्यांच्याशी जुळते का.

चालीरीतीला छळ समजण्याचीही चूक होते. २०११ मध्ये नॉर्वेतील स्टावांगर शहरात एका बंगाली कुटुंबाची दोन लहान मुले तिथल्या बालकल्याण यंत्रणेने ताब्यात घेतली. मुलांना हाताने भरवणे आणि आपल्याजवळ झोपवणे यांवर आक्षेप घेतला गेला, असे आईवडिलांनी सांगितले. प्रकरण दोन्ही देशांच्या सरकारांपर्यंत गेले आणि एप्रिल २०१२ मध्ये मुले काकांच्या ताब्यात भारतात परतली. परदेशात राहणाऱ्या आपल्यासारख्या अनेकांच्या मनात तेव्हापासून धास्ती बसली आहे. ती समजण्यासारखी आहे. हाताने भरवणे हे दुर्लक्ष नाही, एका खोलीत सर्वांनी झोपणे हा छळ नाही, आणि गरिबी हाही गुन्हा नाही. जुना गणवेश घातलेले, पण आईच्या मांडीवर निर्धास्त झोपलेले मूल सुरक्षित असते. नवे बूट घातलेले, पण बापाच्या पावलांच्या आवाजाने दचकणारे मूल सुरक्षित नसते.

मात्र "ही आपली पद्धत आहे" या वाक्याआड मारहाण लपवू नका. पद्धत आणि मार यांतला फरक मुलाला कळतो. आपल्यालाही कळतो.

धम्म काय सांगतो?

सिगालोवाद सुत्तात भगवान बुद्धांनी गृहस्थाची कर्तव्ये सांगितली. आईवडिलांना पूर्व दिशा म्हटले. आपण मुलांना त्यातले मुलांचे कर्तव्य आवर्जून शिकवतो. पण त्याच ठिकाणी आईवडिलांचीही पाच कर्तव्ये आहेत : मुलांना वाईटापासून दूर ठेवणे, चांगल्याकडे वळवणे, उपजीविकेचे शिक्षण देणे, योग्य जोडीदार पाहून देणे आणि योग्य वेळी वारसा सोपवणे. या यादीत मारणे कुठेही नाही. नाते दोन्ही बाजूंनी बांधलेले आहे, एकट्या मुलानेच वाकायचे असे तिथे सांगितलेले नाही.

काहीजण मज्झिम निकायातील अभयराजकुमार सुत्ताचा आधार घेतात. राजकुमार अभयच्या मांडीवर बाळ होते. भगवंतांनी विचारले, या बाळाने तोंडात काडी किंवा खडा घातला तर तू काय करशील? तो म्हणाला, रक्त निघाले तरी मी तो बाहेर काढीन, कारण मला बाळाची दया आहे. "पाहा, मुलाच्या भल्यासाठी त्रास द्यावाच लागतो," असा अर्थ त्यातून काढला जातो. पण नीट पाहा. अभयचे बोट खडा काढायला गेले होते, राग काढायला नव्हे. खडा निघाला की बोट बाहेर आले. आपण मुलाला मारतो तेव्हा कोणता खडा निघतो? बहुतेक वेळा ऑफिसातला अपमान, कर्जाचा हप्ता, व्हिसाची काळजी हा आपल्याच घशातला खडा असतो.

आणि राहुलाला दिलेला उपदेश आठवा. भगवंतांनी आपल्या लहानग्या मुलाला खोटे बोलण्याविषयी शिकवले, तेव्हा समोरच्या पात्रातले थोडेसे पाणी दाखवून शिकवले. मग आरशाची उपमा देऊन सांगितले, की कोणतेही कर्म करण्याआधी, करताना आणि केल्यानंतर ते तपासावे : याने मला, दुसऱ्याला किंवा दोघांना दुःख होते का? तो आरसा राहुलासाठी होता, तसाच तो आज राहुलच्या वयाच्या मुलांच्या आईबापांसाठीही आहे. हात उचलण्याआधी पाहा. उचलला असेल तर अर्ध्यावर थांबा. मारून झाले असेल तर मुलाजवळ जाऊन चूक कबूल करा आणि पुन्हा होऊ नये म्हणून मदत घ्या. तान्हे बाळ रडायचे थांबत नसेल आणि तुमचा तोल जात असेल, तर बाळाला सुरक्षित जागी पाठीवर झोपवा, खोलीबाहेर या, काही मिनिटे श्वासावर लक्ष द्या, कोणाला तरी फोन करा. बाळाला कधीही जोराने हलवू नका. त्याने मेंदूला कायमची इजा होते, जीवही जातो.

तुम्हाला शंका आली तर काय कराल?

मूल आत्ता या क्षणी धोक्यात असेल, तर ९९९ वर फोन करा किंवा मुलाला थेट दवाखान्यात न्या. समितीच्या बैठकीची वाट पाहू नका.

तातडी नसेल पण शंका बळावत असेल, तर बहरीनमध्ये बाल संरक्षण केंद्र आहे आणि मुलांसाठीच्या मदतवाहिनीचा क्रमांक ९९८ आहे. २०१२ च्या बालक कायद्याने (क्रमांक ३७) इथे १८ वर्षांखालील प्रत्येक व्यक्तीला बालक मानले आहे. २०२१ च्या कायद्याने (क्रमांक ४) मुलांना गैरवर्तनापासून संरक्षण देण्याच्या तरतुदी अधिक स्पष्ट केल्या. कौटुंबिक हिंसेविरुद्ध २०१५ चा स्वतंत्र कायदाही आहे. भारत आणि बहरीन दोघांनीही १९९२ साली संयुक्त राष्ट्रांचा बालहक्क करार स्वीकारला आहे. म्हणजे मूल कोणत्या पासपोर्टवर आले, यावर त्याचा सुरक्षिततेचा हक्क ठरत नाही.

जे पाहिले, ऐकले ते तारखेसह लिहून ठेवा. "शुक्रवारी डाव्या दंडावर बोटांसारखे तीन वळ दिसले" असे लिहा. "बाप राक्षस आहे" असे लिहू नका.

मूल स्वतःहून काही सांगू लागले तर ऐका. मध्ये तोडू नका, तोंडावर धक्का दाखवू नका, खोदून खोदून विचारू नका. तीन गोष्टी सांगा : मी तुझे ऐकतो आहे, यात तुझी चूक नाही, तू सांगितलेस ते चांगले केलेस. "कोणालाही सांगणार नाही" असे वचन मात्र देऊ नका, कारण ते तुम्हाला पाळता येणार नाही. "तुला सुरक्षित ठेवण्यासाठी ज्यांना सांगणे गरजेचे आहे, त्यांनाच सांगेन," असे म्हणा.

मुलाला आणि आईवडिलांना समोरासमोर बसवून "काय खरे ते सांग" असे करू नका. रात्री त्या मुलाला त्यांच्याच घरी जायचे असते. व्हॉट्सॲप ग्रुपवर एक शब्दही टाकू नका. आणि लैंगिक छळाची शंका असेल, तर समाजात मिटवण्याचा विचारही करू नका. भारतात २०१२ च्या पॉक्सो कायद्याच्या कलम १९ नुसार अशी माहिती असणाऱ्या प्रत्येकाने ती पोलिसांना किंवा बाल पोलीस पथकाला देणे बंधनकारक आहे. "झाकली मूठ" म्हणतो आपण, पण या मुठीत मूल गुदमरत असते.

अनेकांची मुले इथे नसून गावी आजीकडे, काकांकडे किंवा वसतिगृहात आहेत. व्हिडिओ कॉलवर मूल एकटे कधीच नसते का? घरी जायचा विषय निघाला की गप्प होते का? फोन नेहमी एकच माणूस धरून बसतो का? तिथे शंका आली, तर भारतात १०९८ ही चोवीस तास चालणारी बालकांची मदतवाहिनी आहे. तिची सुरुवात १९९६ मध्ये आपल्या मुंबईतच, टाटा सामाजिक विज्ञान संस्थेच्या एका प्रकल्पातून झाली.

भीती आणि मदत

तक्रार झाली तर नोकरी जाईल, व्हिसा जाईल, कुटुंब उघड्यावर येईल, या भीतीने इथे पुष्कळ लोक गप्प बसतात. ही भीती खोटी आहे असे मी म्हणणार नाही. म्हणूनच गोष्ट तिथवर जाण्याआधी मदत पोहोचवणे हे आपले काम आहे. जिथे ताण आहे पण मुलाला अजून इजा नाही, तिथे दोन तास मुले सांभाळा, एका वेळचा डबा द्या, दारू सुटण्यासाठी डॉक्टरकडे सोबत जा. पगार अडकला असेल किंवा कर्जाचा फास बसला असेल, तर भारतीय दूतावासाच्या ओपन हाउसमध्ये किंवा इंडियन कम्युनिटी रिलीफ फंडाकडे घेऊन जा. बऱ्याच आईबापांना आपण चुकतो आहोत हे माहीत असते. त्यांना कोणीतरी रागावल्याशिवाय विचारायला हवे असते, "दादा, फार ओढाताण होतेय का?"

पण मदत आणि संरक्षण यांत निवड करायची वेळ आली, तर मूल आधी. मोठ्यांची अब्रू नंतर.

शेवटी एक आठवण. बाबासाहेब सुमारे पाच वर्षांचे असताना त्यांच्या आई भीमाबाई गेल्या. पुढे त्या घरात मुलांना माया दिली ती आत्या मीराबाईंनी. त्या शिकलेल्या नव्हत्या, शरीराने धडधाकटही नव्हत्या. पण त्या तिथे होत्या. आईविना वाढणाऱ्या त्या मुलाकडे पाहणारे एक मोठे माणूस घरात होते. आज हमद टाउनच्या बंद दारांआड जी मुले आहेत, त्यांची आत्या व्हायला इथे आपल्याशिवाय कोणी नाही.

गटचर्चेसाठी प्रश्न

१. वर दिलेल्या दहा खुणांपैकी कोणती खूण आपण आजवर "त्यांच्या घरचा प्रश्न" म्हणून सोडून दिली आहे? नाव न घेता बोला.

२. मुलाला शिस्त लावणे आणि आपला राग काढणे यांतला फरक तुमच्या घरातील एका प्रसंगावरून सांगा.

३. आपल्या धम्मवर्गात मुलाने काही सांगितले, तर ते ऐकून पुढे ९९८ वर कळवण्याची जबाबदारी कोणा दोघांची असावी? त्यात एक तरी महिला असावी. नावे याच बैठकीत ठरवा.

४. आपल्या ओळखीचे कोणते कुटुंब या उन्हाळ्यात कोणालाही भेटलेले नाही?

या आठवड्याचा सराव

रोज सकाळी मैत्री भावना करताना आधी स्वतःच्या मुलाचे नाव घ्या, मग शेजारच्या मुलाचे. नंतर चौथ्या प्रश्नात जे कुटुंब आठवले, त्यांच्या घरी जा. जाताना मुलांसाठी फळे न्या, अर्धा तास बसा, मुलांशी त्यांच्या उंचीवर वाकून बोला. तपासायला आलो आहोत असे वाटू देऊ नका. दाराबाहेर एक ओळखीचे माणूस आहे, एवढे त्या घरातल्या मोठ्यांना आणि लहानांना कळले, तरी या पाठाचे काम झाले.

सर्व मुले निर्भय होवोत.
नमो बुद्धाय, जय भीम.